दाराबाहेरचे पंधरा दिवस

गावात गाडी चालवायचा परवाना हवा असेल तर साहेबांच्या शेजारी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साहेब म्हणजे परवाना-कचेरीतले परीक्षक. उंच, ताठ, मांडीवर कागद लावायची पाटी. चेहरा सकाळी इस्त्री करून घातलेला आणि संध्याकाळी एकही चुणी न पडता परत आणलेला. परीक्षकानं उमेदवाराशी बोलायचं नाही, त्याला मदत करायची नाही, त्याच्याकडे बघून हसायचं तर मुळीच नाही, असा नियम होता आणि साहेबांना तो नियम पाळावा लागत नव्हता, तो त्यांना जन्मतःच लाभला होता. "डावीकडे घ्या." "थांबवा." "उतरा." आणि शेवटी एक शब्द, "पास." किंवा दोन जास्तीचे, "नापास. पंधरा दिवसांनी."

लोक पाठीमागे त्यांना नापासराव म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. "म्हणू देत," ते म्हणत, "नावं ठेवायला जिवंत आहेत, ते माझ्यामुळेच."

घरीही हीच भाषा. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं (सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून आपणही तेच म्हणू), कधी हौसेनं विचारलं, "अहो, जेवण कसं झालंय?" तर साहेब घास नीट चावून, पाणी पिऊन सांगायचे, "पास." लग्न झाल्यापासून याच्या वरचा शेरा त्यांना मिळाला नव्हता. खालचाही मिळाला नव्हता, यात त्या समाधान मानत.

अशा या घरात दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती चक्क राक्षस मारले जायचे.

हा सगळा उद्योग त्यांच्या लेकीचा. तिनं कॉलेजात असताना एक खेळ शिकून घेतला होता. त्यात एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी चोर, कोणी शिकारी. ज्याला जे करावंसं वाटेल ते त्यानं सांगायचं. काम अवघड असलं की वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. एवढाच खेळ, पण माणसं त्यात अशी रंगायची की चहाचे कप हातातच गार व्हायचे. लेकीनं आधी आईला ओढलं. मग समोरच्या टेलरबाई आल्या. मग कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर एकदा साहेबांची दाढ बघायला म्हणून आले ते तिथेच बसले. डॉक्टर गोष्टीत चोर होते, टेलरबाई तिरंदाज, आणि आपल्या नाजूक चणीच्या वहिनी रेड्यासारख्या आडव्या अंगाचा, दाढीवाला लोहार. साहेब मात्र खेळत नसत. बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसत. पेपरचं पान तासन्‌तास उलटलं जात नसे, हे वहिनींच्या लक्षात होतं. त्या बोलल्या नव्हत्या इतकंच.

मग लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ती गेली. पहिल्या शनिवारी घर असं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी दोघं दचकत. वहिनींनी टेबलक्लॉथला इस्त्री केली, घातला, मग घडी करून परत कपाटात ठेवला. दुसऱ्या शनिवारी डॉक्टर आणि टेलरबाई आल्या, पण बोलणी करायला.

"वहिनी, माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जमू या आता," डॉक्टर म्हणाले. "माझा नवा मदतनीस हा खेळ जाणतो. तो सांगेल गोष्ट."

"तिथे औषधाचा वास येतो," टेलरबाई म्हणाल्या. "पण नाइलाज आहे."

वहिनी "हो, बरोबर आहे" म्हणाल्या आणि उगाचच साखरेच्या डब्याचं झाकण पुसू लागल्या. साहेबांनी पेपरच्या कडेवरून ते पाहिलं. ज्या घरातून आधीच एक आवाज गेला होता, तिथून आता बाकीचेही निघाले होते.

"मी सांगतो गोष्ट," साहेब म्हणाले.

कपाट बोललं असतं तरी तिघांनी इतक्या आश्चर्यानं वळून पाहिलं नसतं.

"तुम्ही?" टेलरबाई म्हणाल्या. "साहेब, यात बोलावं लागतं हो."

"बोलेन."

डॉक्टरांनी हनुवटी खाजवली. "बरं. दोन शनिवार बघू." हे त्यांनी अगदी त्या सुरात म्हटलं, ज्या सुरात ते दुखऱ्या दाढेबद्दल म्हणत, 'दोन दिवस बघू, नाहीतर काढून टाकू.'

साहेबांनी तयारीत कसर ठेवली नाही. लेक ठेवून गेलेलं नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पट्टी लावून नकाशा काढला. शनिवारी टेबलाच्या टोकाला ताठ बसून त्यांनी सुरुवात केली, "तुम्ही तिघं एका उंच भिंतीपाशी आला आहात. भिंतीत लोखंडी दार आहे. दाराला कुलूप आहे."

"वा!" डॉक्टरांनी हात चोळले. "हे माझं काम. मी कुलूप उघडतो." फासा गडगडला. तीन.

"नापास," साहेब म्हणाले.

"हरकत नाही. मग काय झालं?"

"काही नाही. कुलूप उघडलं नाही."

"बरं, मग परत टाकतो."

"नाही." साहेबांनी फाशावर हात ठेवला. "नापास झाल्यावर लगेच परत बसता येत नाही. पंधरा दिवसांनी."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"साहेब," टेलरबाईंनी शक्य तितक्या गोडव्यानं विचारलं, "गोष्टीतले पंधरा दिवस का?"

"अर्थात."

"म्हणजे आम्ही पंधरा दिवस दाराबाहेर काय करायचं? पापड वाळत घालायचे?"

मग लोहारानं हातोड्यानं दार फोडायचा प्रयत्न केला. वहिनींचा आकडा पाच आला. "नापास. पंधरा दिवसांनी." टेलरबाई चिडून म्हणाल्या, "मी झाडावर चढते आणि भिंतीपलीकडे काय आहे ते बघते." आणि काय नशीब, फासा विसावर थांबला! सगळ्यांत मोठा आकडा! डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. टेलरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"पास," साहेब म्हणाले.

"हो, पण मला काय दिसलं?"

"पलीकडचं दिसलं."

"पलीकडे काय आहे?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. नकाशात भिंतीपलीकडची जागा कोरी होती. दारातून आत गेल्याशिवाय तिचा प्रश्नच येत नव्हता. "ते दार उघडल्यावर कळेल," ते म्हणाले.

बाकीची संध्याकाळ ती तीन शूर माणसं दाराबाहेर बसून होती. डॉक्टरांनी बिस्किटांची बशी संपवली. निघताना बूट घालता घालता ते वहिनींना हळूच म्हणाले, "अजून एक शनिवार आहे म्हणा." शेजाऱ्याच्या आजारी कुत्र्याची चौकशी करावी तसा तो सूर होता.

साहेब त्या दिवशी स्वतःहून कप विसळायला उभे राहिले. एकच कप ते पुन्हा पुन्हा विसळत राहिले. मग म्हणाले, "कुठे चुकलं?"

"खरं सांगू?"

"सांग."

"अहो, ते खेळायला आले होते आणि तुम्ही त्यांची परीक्षा घेतलीत."

"मग फासा कशाला असतो? जमलं की नाही, हेच सांगायला ना?"

"मला नाही नीट सांगता यायचं," वहिनी म्हणाल्या. "लेकीला फोन करा. आणि तो कप विसळून झालाय, पुरे आता."

लेक फोनवर आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. "पंधरा दिवस! बाबा, तुम्ही खरंच पंधरा दिवस म्हणालात?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं ऐका. कुलूप उघडलं नाही, इथपर्यंत ठीक. पण त्यापुढे काय झालं? तुम्ही म्हणालात काहीच नाही. तिथे मेली गोष्ट. फसलं की काहीतरी व्हायला पाहिजे. आवाज झाला, कोणी आलं, हत्यार मोडलं. फाशानं फक्त गाडी कुठल्या रस्त्याला वळणार ते ठरतं, बाबा. रस्ता दोन्हीकडे असतो."

साहेबांना ही भाषा कळली. "आणि समोर भिंत असेल तर?"

"भिंत असेल तिथे फासा टाकायला सांगूच नका. आधी मनाशी विचारायचं, हे फसलं तर काय होईल? उत्तर 'काही नाही' असेल तर फासा खिशात."

"हं."

"आणि जमलं तरी नुसतं पास म्हणायचं नाही. बिचाऱ्या टेलरकाकूंना वीस पडला आणि तुम्ही त्यांना काय दिलंत? त्यांना काहीतरी बघू द्या, ऐकू द्या. आईलासुद्धा कधीतरी..." लेक थांबली. "ते राहू दे. जेवण झालं का?"

साहेबांनी ऐकून घेतलं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सोमवारी कचेरीत गेल्यावर ते पुन्हा तेच साहेब होते. फक्त एक किडा डोक्यात शिरला होता. कोणी नापास झालं की मनात आपोआप यायचं, मग पुढे काय झालं? एका पोरानं चढावर क्लच सोडला, गाडी मागे घसरली. नापास. पण मागे कोण होतं? समजा, दुधाचे कॅन घेऊन सायकलवाला होता. समजा, कॅन सांडले आणि रस्ताभर मांजरं... साहेब स्वतःशीच हसले. शेजारी गाडी चालवणाऱ्या पोरानं ते पाहिलं आणि इतका घाबरला की त्यानं वायपर सुरू केले.

बुधवारी फुलवाली आली. चौकात तिचं फुलांचं दुकान होतं, पहाटे माल आणायला टेम्पो चालवायचा होता, म्हणून ही धडपड. याआधीही ती साहेबांच्या शेजारी बसून गेली होती, आणि अर्थातच पंधरा दिवसांनी परत आली होती. मैदानात खांब रोवून केलेल्या अरुंद जागेत गाडी मागे घ्यायची होती. तिनं घेतली, आणि मागचा खांब टक्कन पडला.

'नापास' हा शब्द जिभेवर आला होता. पण साहेबांच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "खांब पडला. आता?"

"आता काय?" फुलवाली म्हणाली. "उतरते आणि उभा करते. दुसरं कोण करणार?"

खरोखरच ती उतरली. खांब उभा केला, ओढणीच्या टोकानं पुसला, एक पाऊल मागे सरून तो सरळ आहे ना ते तिरक्या मानेनं बघितलं, जशी फुलदाणी बघावी. परत येऊन बसली, आरसा किंचित वळवला आणि गाडी अशी अलगद आत घातली की साहेबांना पाटीवर काही लिहायचं सुचेना.

नियम नियमच. खांब पडला म्हणजे नापास, आणि साहेबांनी तसंच सांगितलं. पण त्यांनी त्यापुढेही तोंड उघडलं, तेही कचेरीत. "तुम्ही आरसा उशिरा लावता. खांब पडल्यावर लावलात, म्हणून दुसऱ्यांदा जमलं. गाडीवर हात चांगला आहे तुमचा."

फुलवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मग पंधरा दिवसांनी येते. तुम्हीच असाल ना?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते "दुसरं कोणी नाही का?" असं. टेबलामागचा कारकून नंतर हळूच म्हणाला, "साहेब, बरं आहे ना? तुम्ही आज वाक्यंच्या वाक्यं बोललात."

शनिवार उजाडला. डॉक्टर येताना टाय लावून आले होते. निरोपाच्या जेवणाला यावं तसे. टेलरबाईंनी विणकाम बरोबर आणलं होतं. "दाराबाहेरच बसायचं तर हात तरी चालू राहतील," त्या म्हणाल्या. वहिनींनी कप मांडले आणि साहेबांच्या उजव्या हाताला बसल्या.

साहेबांनी घसा खाकरला. "नियम मी बदलत नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस."

डॉक्टरांनी बिस्किटांची बशी जवळ ओढली.

"पण आधी माझी एक चूक," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही झाडावर चढला होतात. काय दिसलं ते मी सांगितलंच नाही." ते टेलरबाईंकडे वळले. आवाज जरा कापरा होता, पण थांबला नाही. "पलीकडे मोठी बाग आहे. बागेत चौरंगावर एक राक्षस बसलाय. म्हातारा. नाकावर चष्मा. तो आपल्यासाठी कोट शिवतोय, शामियान्याएवढा. आणि, बाई, बाही उलटी लावतोय तो."

टेलरबाईंच्या सुया थांबल्या. "उलटी म्हणजे? डावी उजवीकडे?"

"डावी उजवीकडे. शिवाय अस्तर वरच्या बाजूला."

"अरे देवा! अहो, त्याला कोणीतरी सांगा!" विणकाम बाजूला पडलं. "मी सांगते. झाडावरूनच ओरडते. अहो आजोबा! उसवा ते! सगळं उसवा!"

"थांबा, थांबा." साहेब नकळत पुढे सरसावले होते. "त्याला ऐकू कमी येतं. पण गेले काही दिवस दाराशी काहीतरी खुडबुडतंय, हे त्याला जाणवलंय. डॉक्टरांनी कुलपाशी केलेली खटपट, लोहारानं घातलेले घाव, सगळा आवाज आत गेलाय. तो उठतो. जमीन हादरते. किल्ल्यांचा जुडगा वाजतो. दार आतून उघडतं, आणि..." साहेबांनी जागच्या जागी भुवया वर नेल्या, "'माझ्या दुपारच्या झोपेचा सत्यानाश करणारा कोण तो?'"

हे शेवटचं वाक्य त्यांनी राक्षसाच्या आवाजात म्हटलं होतं. खाली जाणारा, दगड घासल्यासारखा आवाज. वहिनींनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू घरात भाडेकरू राहतोय हे त्यांना आजच कळलं.

"पळा!" डॉक्टर म्हणाले.

"पळायचं कशाला? मी त्याला गुंडाळते," वहिनी म्हणाल्या आणि लोहाराच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाल्या, "राक्षसराव, आम्ही कुलपं तपासणारे सरकारी लोक आहोत."

"हे फसलं तर..." साहेब स्वतःशी पुटपुटले, मग मान हलवून म्हणाले, "टाक फासा."

फासा टेबलभर फिरला, साखरेच्या डब्याला आपटला आणि थांबला. एक. याहून वाईट आकडा त्या फाशावर नव्हता.

टेलरबाईंनी सुस्कारा सोडला. तो शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आलेला सगळ्यांना दिसला. साहेबांनी कप उचलला, मोठा घोट घेतला आणि तो शब्द चहाबरोबर खाली ढकलला.

"राक्षसाचा काडीचाही विश्वास बसलेला नाही," ते सावकाश म्हणाले. "तो लोहाराला दोन बोटांत उचलतो. उलटसुलट करून बघतो. आणि म्हणतो, 'सरकारी आहेस का कोण ते असू दे. पण खांदे झकास आहेत तुझे. मला माप घ्यायला पुतळा हवाच होता.' लोहाराला त्यानं चौरंगावर उभं केलंय. हात दोन्ही बाजूंना आडवे. आणि टाचण्या लावायला सुरुवात केलीय."

आधी डॉक्टरांचं हसू फुटलं. हसता हसता त्यांचा टाय चहात गेला. टेलरबाई टेबलावर थापा मारत होत्या. "पुतळा! वहिनी, हात आडवे! आडवे ठेवा, हलू नका, टाचणी टोचेल!" आणि वहिनींनी खरंच दोन्ही हात आडवे पसरले आणि तशाच बसल्या, दाढीवाल्या लोहाराच्या थाटात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत.

"पण दार उघडंच आहे," साहेब म्हणाले. "आणि राक्षसाची पाठ दाराकडे आहे."

मग काय विचारता! डॉक्टर चोरपावलांनी आत शिरले आणि बारा आला, म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. तेव्हा साहेबांनी त्यांना आत तर जाऊ दिलं, पण एक बूट चिखलात अडकवून ठेवला. टेलरबाई थेट राक्षसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला बाही कशी लावतात ते शिकवलं. फासा सतरा पडला, तेव्हा साहेब नुसतं पास म्हणाले नाहीत. त्यांनी सांगितलं की राक्षसानं उसवलेली बाही हातात धरली, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, 'आयुष्यभर मला वाटत होतं, माझेच हात चुकीच्या बाजूला आहेत.' टेलरबाईंना तो राक्षस फार आवडला. मागे बागेच्या टोकाला एक दरी होती, दरीवर दोरांचा जुना पूल, आणि पुलाच्या पलीकडे दिवा. पुलावर आधी कोणी जायचं यावर वाद जुंपला. लोहार जड आहे म्हणून तो शेवटी, असं डॉक्टर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, जड माणसानं आधी गेलं तर पूल भक्कम आहे की नाही ते कळतं तरी. साहेब मध्ये पडत नव्हते. वादाच्या प्रत्येक बाजूला काय काय घडू शकेल ते मनात मांडत ते बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्याची इस्त्री पार मोडली होती.

घड्याळाकडे आधी टेलरबाईंचं लक्ष गेलं. "बाई गं, घरी वाट बघत असतील!" त्यांनी विणकाम गोळा केलं, संध्याकाळभरात त्यात एक टाकाही वाढला नव्हता. निघता निघता त्यांनी साहेबांना बजावलं, "त्या आजोबांना काही होता कामा नये, सांगून ठेवते."

डॉक्टर दारात बूट घालत बसले. एक बूट घातला, दुसरा हातात धरून राहिले. दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीचं काय ते बोलतील म्हणून वहिनी उंबऱ्याशी थांबल्या होत्या. साहेब त्यांच्या मागे, हातात कप घेऊन.

"पुढच्या शनिवारी मला थोडा उशीर होईल," डॉक्टर म्हणाले. "एक अक्कलदाढ काढायची आहे. पण माझ्याशिवाय पूल ओलांडायचा नाही हं, साहेब. शब्द द्या."

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"आम्ही थांबू," साहेब म्हणाले. "पण पूल थांबेलच असं मला सांगता येत नाही. दोर जुने आहेत."

डॉक्टरांनी बूट तसाच हातात धरून विचारलं, "जुने म्हणजे किती जुने?"